हद्द कुणाची

मंगळवार, संध्याकाळ

चार दिवस मी सुनंदाला अडवून धरलं. पोरगी सुरतेहून नवऱ्याचा मार खाऊन मोशीला माझ्याकडं आली, आणि मी तिलाच सांगत बसलो, मारलं गुजरातेत, तर तक्रारही तिथंच. हद्द म्हणजे हद्द. जन्मभर शेताच्या मोजण्या बघितल्या. खुणेच्या दगडापलीकडं आपलं काही चालत नाही, एवढंच मला ठाऊक.

आज ती एकटीच चौकीकडं निघाली. राहवेना, मागोमाग गेलो. तिथल्या हवालदार बाईंना मी आधीच म्हणालो, "मॅडम, हे तुमच्या हद्दीत बसत न्हाई."

त्या हसल्या. "बाबा, ही काय वावराची मोजणी हाय व्हय? छळाला कंटाळून पोरगी जिथं आसऱ्याला येते, तिथंही गुन्हा दाखल होतो, खटलाही चालतो. राज्य कुठलं का असंना."

मग चार दिवस मी हद्द हद्द करत कुणाला वाचवत होतो? जावयाला? का स्वतःच्या अब्रूला?

बाईंनी लिहिता लिहिता विचारलं, "कायमचा पत्ता?"

सुनंदानं माझ्याकडं बघितलं.

मोशीचा पत्ता मी सांगितला.