मानधन हा शब्द माझाच

६ जाने., मंगळवार
डोकं अजून तापलेलंच. आमच्या महिला मंडळाच्या पोळीभाजी केंद्रात स्वाती सहा वर्षं पोळ्या लाटतेय. आता सातवा महिना लागला. बाळंतपणाची रजा मागितली, तर अध्यक्षा नलूताई म्हणतात, "रजा कसली? नोकर थोडीच आहेत त्या! घरच्याच आहेत. आणि आपण पगार देत नाही, मानधन देतो." वर लाडाने, "डोहाळजेवण मात्र झकास करू हं तिचं."
म्हणजे ओटी भरायची नि घरी बसवायची! आणि दहिसरभर मिरवतो, महिलांनी महिलांसाठी चालवलेलं केंद्र म्हणून.

८ जाने., गुरुवार
वकीलबाईंकडे जाऊन आले. चौदा बायका, ठरलेली वेळ, रोजची हजेरी, खाडा कापला जातो. त्या म्हणाल्या, नाव काहीही द्या, ही नोकरीच. सव्वीस आठवडे भरपगारी रजा, नि परत आल्यावर जागा तीच. मग हसून, "हा मानधन शब्द कोणी काढला? पक्का माणूस दिसतो."
मी त्यांची फी विचारली. शब्द मीच काढला, मंडळाची चिटणीस म्हणून केंद्राचे नियम लिहिताना. पगार म्हणणं मला रुक्ष वाटलं होतं. मानधनात मान आहे, धन आहे, आणखी काय हवं! कॉन्व्हेंटचं मराठी. नलूताईंना शब्द एका झटक्यात आवडला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

१० जाने., शनिवार
नलूताईंना सगळं सांगितलं. भडकल्या असत्या तर बरं होतं. शांतपणे म्हणाल्या, "तिला घरी पगार, तिच्या जागी दुसरीला पगार. केंद्र बंद पडलं तर बाकीच्या तेराजणी कुठे जातील गं? तू येणारेस लाटायला?"
"येईन!"
म्हणून बसले. माझ्या पोळ्यांबद्दल इथे लिहीत नाही.

१६ जाने., शुक्रवार
काय दिवस!
डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांचे दागिने, अर्ध्या वस्तीच्या बायका. नलूताईंनी माइकवर विचारलं, "सांग गं स्वाती, काय डोहाळे लागलेत? मागशील ते देऊ."
स्वाती म्हणाली, "कागद."
"काय?"
"कागद हवा, ताई. मी इथे कामाला आहे असं लिहिलेला. परत येईन तेव्हा माझी जागा माझीच, असं."
मग भाजी चिरणाऱ्या शेवंतामावशी मागून ओरडल्या, "डोहाळे पुरवूचेच लागतत गो, नायतर पोराचो कान फुटता!"
हशा, टाळ्या. नलूताईंचा चेहरा बघण्यासारखा. "बघू," म्हणाल्या. बघू!
मी तिला काही शिकवलं नव्हतं. देवाशपथ.

१८ जाने., रविवार
चौदाजणींची नेमणूकपत्रं लिहिली. मानधन कुठेही नाही. चौदाही वेळा ठसठशीत 'पगार'. दुपारी नलूताईंकडे नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून पहिलं पत्र दोनदा वाचलं.
"सगळ्यांनाच?"
"सगळ्यांनाच."
"आणि सहा महिने बदली बाई कोण देणार?"
"शोधते. नाही मिळाली तर मी आहेच."
"तुझ्या पोळ्या खाऊन गिऱ्हाईकं पळतील." पण पत्रं परत दिली नाहीत. सहीही केली नाही. "ठेवून जा," एवढंच.
संध्याकाळी स्वातीचा फोन. "ताई, डोहाळजेवण झालं, आता उद्या येऊ की नको? कोणी काही बोललंच नाही."
"ये," म्हटलं. "आणि आधी हजेरीवर सही कर. मगच पोळपाट घे."