सुरभीची वाक्यं

घाटंजी,
१४ जून २०२५

चि. कौसल्या,
आशीर्वाद. मी बरी आहे. काल बाजारात तू म्हणालीस, "मॅडम, धाकटीले पांढरकवड्याले किसन भाऊजीकडं ठेवून राह्यलो. कालेज जवळ पडते." म्हणून लिहिते आहे. सोमवारी तिला पाठवू नकोस.

वर टोमणा मारलास, "सुरभीले तुमीच विंग्रजी शिकवली. आता हैदराबादले जाऊन बसली, आमचा फोनबी उचलत नाही. लई मोठी झाली बाप्पा!" मी हसले. हसायला नको होतं.

अकरावी-बारावीला तुझी थोरली, सुरभी, तुझ्या दिराच्या त्याच घरी राहिली. रविवारी माझ्याकडे यायची. माझा नियम तुला ठाऊक आहे: आठवड्याला पन्नास अवघड शब्द, आणि प्रत्येकाचं वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं. गाईडमधलं वाक्य दिसलं की मी वही परत करायची.

तिच्या वह्या माझ्याकडेच राहिल्या. तुला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून तीन वाक्यं मराठीत देते.

'व्हिजिलंट': कडी लावली तरी मला सावध राहावं लागतं.
'फेन': काका खोलीत आले की मी झोपेचं सोंग करते.
'इम्प्लोर': मी काकूला विनवलं, तिनं टीव्हीचा आवाज वाढवला.

पहिल्यावर मी बरोबरची खूण केली. दुसऱ्यावर 'छान' लिहिलं. तिसऱ्यात एक शब्द सुटला होता, तो घालून अर्धा गुण कापला.

लक्षात आलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. तिसऱ्या वाक्याला मी मान वर केली. ती माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, "पुढचा शब्द."

तिनं वाचला. तो आवाज अजून येतो. भांडी घासताना येतो, नमाजाला बसले तरी येतो.

तुमच्या घरात कुणाला कळू नये म्हणून तिनं ते इंग्रजीत लिहिलं. कळावं अशी एकटी मी होते.

धाकटीला रोज एसटीनं जाऊ दे. पास मी काढून देते. सुरभीला फोन करत बसू नकोस. चिठ्ठी पाठव. कारणं विचारू नकोस, वह्यांतलं कळलं एवढंच लिही. मला दोष द्यायला तू घरी ये. दार उघडं आहे.

जिनं विचारायला हवं होतं ती,
आरिफा

माझ्याकडच्या नकलेवर नोंद. कौसल्येच्या हाती मी स्वतः दिलं: हे पत्र. सुरभीच्या वह्या तीन, पानं सगळी. लाल शाईतले शेरे माझे. एकही खोडलेला नाही.