अकरा नंबरची कॉट

बाई, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि आता मीही निवृत्त होऊन घरी बसले आहे. बसले आहे म्हणायचं एवढंच. सुनेच्या स्वयंपाकघरात लुडबुड करते, आणि नातवाचं अंग जरा गरम लागलं की थर्मामीटर दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. सून म्हणते, "आई, वार्ड सुटला, पण तुमची ड्युटी काही सुटेना." आज सकाळी त्याच्या काखेत थर्मामीटर धरून बसले होते आणि तुम्ही आठवलात. तुमच्या तोंडावर जे कधी बोलता आलं नाही, ते निदान कागदावर तरी उतरवावं म्हणून बसले आहे.

आपला बाळंतिणींचा वार्ड मला अजून पाठ आहे. दारातून आत आलं की डावीकडे तुमचं टेबल, पुढं दोन रांगांत वीस कॉट, कोपऱ्यात स्टोव्हवर सिरिंजा उकळतायत आणि सगळीकडे फिनेल आणि बाळंतशोपेचा मिसळलेला वास. बाकीच्या वार्डांत इन्चार्ज बाईंची फेरी दारापासून सुरू व्हायची. तुम्ही मात्र कुणाकडे न बघता सरळ शेवटच्या कॉटपाशी जायचात. संडासाजवळची ती जागा, जिच्यासोबत कुणी आलेलं नसायचं तिच्या वाट्याला यायची. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "दारापाशी हायेत त्यांच्याकडं साहेब बघतेत, नातलग बघतेत. हितं कोन बघायलंय?" मग तिथं उभं राहून तिची वेणी घालून द्यायचात, गरज पडली तर पदर खोचून बेडपॅनही उचलायचात. त्यामुळे तुम्हाला आयाबाईंना काम सांगावंच लागायचं नाही. त्या आपल्या आपण लाजून धावायच्या. तुम्ही ओरडलेलं मला एकदाही आठवत नाही, पण तुमच्या गप्प राहण्याला आम्ही सगळ्या जणी भ्यायचो.

मी नोकरीला लागून सहा महिने झाले होते. आमच्या घरातली ती पहिली सरकारी नोकरी. माझ्या पांढऱ्या साडीला आई स्वतः नीळ घालायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे होते. आज मोर्चा, उद्या बंद. मावशीच्या गावात आमच्या बौद्ध वस्तीवरची घरं जळाली होती आणि मावशी लेकरांना घेऊन आमच्या दोन खोल्यांत राहायला आली होती. कुणी आडनाव विचारलं की मी आधी त्याचा चेहरा वाचायची आणि मग उत्तर द्यायची. वार्डातल्याच एका बाळंतिणीनं माझ्या हाताला हात लागू नये म्हणून गोळी पदरात झेलली होती. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. सांगून काय होणार, असं वाटायचं.

आणि मग अकरा नंबरच्या कॉटवर पिंगळीकडची ती पहिलटकरीण आली. सिझर झालेलं, बाळ छान, सोबतीला सासू. चांगल्या घरची म्हातारी. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू आणि पाण्याचा तांब्या सदा पदराआड. अकरा नंबर माझ्याकडे होता. दुसऱ्याच दिवशी मी माझ्या बरोबरीच्या गंगाखेडच्या सिस्टरला म्हटलं, "अकरा तू घे, तुझी चार नंबर मी घेते. सासूला माझ्या हातचं चालत नाही." ती बिचारी लगेच हो म्हणाली. ड्युटीच्या वहीत काहीच बदललं नाही. वहीत अकरा माझ्याच नावावर आणि प्रत्यक्षात तिच्याकडे. आपण भांडण न करता वाट काढली, असं मला वाटलं आणि मी स्वतःवर खूशही झाले.

तिसऱ्या दिवशी गंगाखेडची सिस्टर भावाच्या सोयरिकीसाठी तुम्हाला सांगून दुपारच्या गाडीनं गेली. दुपारचा ताप मी बघेन, असं तिला वाटलं. तिनं जाण्याआधी बघितला असेल, असं मला वाटलं. पोरीचं अंग तापलं होतं आणि ते सगळ्या वार्डाला माहीत होतं. सासू सगळ्यांना सांगत होती, "दूध उतरायलंय, अंग तापनारच की," आणि आजूबाजूच्या बाया माना डोलवत होत्या. तिसऱ्या दिवशी दूध भरताना ताप येतोच, हे आपल्याकडे कुणाला सांगायला लागतं? त्यात म्हातारीनं सुनेच्या डोक्याला फडकं बांधून वर दोन शाली घातलेल्या. मी तीनदा त्या कॉटजवळून गेले आणि तिन्ही वेळा नजर पुढच्या कॉटवर ठेवली.

चार वाजता तुमची फेरी. तुम्ही अकरापाशी येता, तापाचा तक्ता हातात घेता, आणि तुमचं बोट कोऱ्या रकान्यावर थांबतं. ते बोट मला आत्ताही दिसतंय. तुम्ही तिच्या गालाला हाताची मागची बाजू लावलीत, शाली काढल्यात, पोटावरची पट्टी उचललीत. टाक्यांखाली पू झाला होता. पुढच्या पाच मिनिटांत तुम्ही डॉक्टरसाहेबांना बोलावलंत, मला पाणी उकळायला लावलंत आणि म्हातारीला हात धरून स्टुलावर बसवलंत. साहेब संतापले होते. दोन टाके मोकळे करता करता त्यांनी विचारलं, "दुपारचा ताप कुणी बघितला नाही? कुणाची ड्युटी होती?" एक मेमो निघाला असता तर माझी नोकरी तिथंच संपली असती, आणि मी घरी आईसमोर कशी उभी राहिले असते ते मला सुचत नव्हतं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "वार्ड माझा आहे साहेब. चूक माझी." साहेब पुन्हा टाक्यांकडे वळले.

मग तुम्ही मला चादरींच्या खोलीत नेलंत. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही दार लोटलंत आणि विचारलंत, "काय झालं, सांग." मी रडत रडत कॉट बदलल्याचं सांगितलं आणि सासूचं कारण पुढं केलं. तुम्ही बराच वेळ चादरींच्या घड्या नीट करत राहिलात. "मला सांगायचं व्हतंस," तुम्ही म्हणालात. "तू आपली आपन बाजूला झालीस, त्यात ती पोर मरायला टेकली. पेशंट सोडून द्यायचा न्हाई. कुनी काय बी म्हनू दे." तुम्ही एवढंच बोललात. मग मला घेऊन अकरापाशी आलात आणि म्हातारीला म्हणालात, "आजी, या पोरीच्या हातचं चालत नसंल तर माझ्या बी हातचं चालनार न्हाई. आमी दोघी एकच हावोत. काय ते आत्ता सांगा." म्हातारीनं आधी तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ बघितलं. मग हात जोडून म्हणाली, "चुकलं माय माझं. बघू द्या तिला."

पुढचे बारा दिवस अकरा नंबर माझा होता. रोज सकाळी मी पट्टी करायची आणि म्हातारी ट्रे धरून शेजारी उभी राहायची. जखम भरत आली तसा तिचा चेहरा उजळत गेला. एक दिवस तिनं भाकरीवर तिळाची चटणी घालून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "खा गं, लय वाळलीस." मी उभ्या उभ्या खाल्ली. इतकी चांगली भाकरी मी पुन्हा कधी खाल्ली नाही. पोर बाळ घेऊन हसत घरी गेली. त्यानंतर तुम्ही माझ्या ड्युट्या मुद्दाम स्वतःबरोबर लावायला लागलात आणि माझी सगळी नोकरी त्या दिवसांवर उभी राहिली. मीही पुढं इन्चार्ज झाले, शेवटच्या कॉटपासून फेरी काढायची सवय शेवटपर्यंत ठेवली आणि सुखानं निवृत्त झाले. कुठलीही सिस्टर येऊन म्हणाली, "अमुक पेशंटला मी चालत नाही," की मी आधी विचारायची, "ती तसं म्हणाली, का तुला तसं वाटलं?" मुली मला मागं वकीलबाई म्हणायच्या. निरोपाच्या कार्यक्रमात कुणीतरी सांगितलं की हा प्रश्न मला तुम्ही शिकवलात. मीही हो म्हणून मान हलवली.

बाई, तो प्रश्न मला तुम्ही शिकवलेला नाही. नवीन मुली आल्या की तुम्ही ही गोष्ट सांगायचात. म्हातारीला कसं सरळ केलं, ते सांगताना खुर्चीत ताठ बसायचात. मी बाजूला उभी असायची आणि मुली माझ्याकडे कौतुकानं बघायच्या. तुमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीतली ही तुमची लाडकी गोष्ट होती. पण म्हातारी मला कधीच नको म्हणाली नव्हती. पहिल्या दिवशी मी तिच्या सुनेची नाडी बघत होते, तेव्हा तिनं फक्त विचारलं, "कोनत्या गावची गं तू?" मी गाव सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि बाळाकडे वळली. पुढचं सगळं मी माझं मीच ऐकलं. का ऐकलं, ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत आमचे कान तसेच झाले होते. पण मग तुम्ही विचारलंत तेव्हा ती हात जोडून चुकलं म्हणाली, कारण तिची सून आपल्या हातात होती आणि तिला वाद घालून चालणार नव्हतं. आणि मी तिथंच तुमच्या शेजारी उभी होते. तुम्ही असेपर्यंत मला तुमची गोष्ट मोडवली नाही. आता हा कागद पाठवायचा तरी कुठं? ड्रॉवरमध्ये ठेवून देते. म्हातारीकडे जाऊन हे एकदा सांगावं, असंही कितीदा मनात आलं. तेही मी केलं नाही.