रविवारच्या आधी

प्रिय नेवेना,

ल्युबिंका तुमच्या त्या कॅमेऱ्यांच्या घरात स्वयंपाकाला येते, तिच्याच हाती हे गुपचूप पाठवतेय. वाचून झालं की फाडून टाक, तिची नोकरी जायला नको. तू किती वाळलीस गं! केस पिवळे केलेत ते मात्र मला आवडले, खरंच.

गावात सगळे टीव्हीवर तुलाच बघतात. शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत तुमचाच खेळ खेळतात. जो जास्त घाण शिवी देईल तो जिंकतो. शेजारची दोब्रिला आठवते ना, तुझ्या आखूड स्कर्टवरून मला टोमणे मारायची? ती आता रोज तुला मत देते आणि वर मलाच ऐकवते, "लाज काय चाटायचीय?" मग एक दिवस तू सांगितलंस, की बाबा तुला पट्ट्याने मारायचे. म्हणे तुझी मतं दुप्पट झाली. ज्या माणसाला कोंबडी कापायलासुद्धा शेजारी लागायचा, त्याच्याबद्दल! मला तुझा राग आला. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू? बाबा एवढंच म्हणाले, "तिला बोलायला लावतात गं. खेळ आहे तो." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चौकातल्या काफानात प्यायला-गप्पांना जाणं सोडलं.

आपल्या घरच्या संताच्या सणाला आपण कधी कुणाला बोलावतो का? दार उघडं ठेवायचं, येईल तो पाहुणा. यंदा इतकी माणसं आली, की प्रसादाचे उकडलेले गहू दुपारीच संपले. बाबा खुलले. नवा शर्ट घालून प्रत्येकाच्या पेल्यात राकिया ओतत फिरत होते. मग दोब्रिलाचा जावई मोबाइल काढून म्हणाला, "रादोये काका, तो पट्टा दाखवा की. एक फोटो तर होऊ दे!" सगळे हसले. बाबाही हसले. संध्याकाळी सणाची मेणबत्ती वाइनने विझवताना मला म्हणाले, "पोरगी आली की यातलं काही बोलू नकोस."

नेवेना, बाबा गेले. गुरुवारी अंगणात लाकडं रचता रचता खाली बसले, ते उठलेच नाहीत. शुक्रवारी त्यांना आजोबांच्या कबरीशेजारी मातीत ठेवलं. आरशावर, टीव्हीवर मी काळं कापड टाकलं. चाळीस दिवस टीव्ही लावायचा नसतोच. पण सांत्वनाला आलेल्या दोब्रिलानेच ते ओढून काढलं आणि टीव्ही लावला. "आपलीच पोर बघायला पाप कसलं?" म्हणाली. तू टेबलावर नाचत होतीस. काळे रुमाल बांधलेल्या आम्ही बायका बघत बसलो. सगळ्यांना माहीत होतं, एकट्या तुला नाही. मीही बंद कर म्हटलं नाही. तुला बघायला मला दुसरं आहे तरी काय?

काल तुमच्या कार्यक्रमवाल्याचा फोन आला. "ताई, तिला अजून कळवू नका हं. रविवारी सगळ्या देशासमोर आम्ही हळुवारपणे सांगू. तुम्हीही या, गाडी पाठवतो." म्हणून हे पत्र. बाप गेल्याचं पोरीला आईने सांगायचं असतं, दोन जाहिरातींच्या मध्ये कुणी परक्याने नाही. मी त्या गाडीत बसणार नाही. जमलं तर रविवारच्या आधीच तिथून नीघ. नाहीतर कॅमेरा नसेल असा कोपरा शोध आणि पोटभर रडून घे. मग रविवारी तो सांगेल तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढू नकोस. लोक म्हणतील, काय दगडाच्या काळजाची पोर. म्हणू देत.

तुझीच,
आई