पाच माणसं, एक शेळी

इंदिरानगर, नाशिक
१२ नोव्हेंबर १९८३

तीर्थरूप मल्हारी दाजींस सावळीरामचा साष्टांग नमस्कार. येवल्यात सगळे खुशाल असल्याचं कार्डावरून कळलं, पण अक्षर मैनाताईचं होतं, त्यामुळे तुमच्या प्रकृतीबद्दल मला संशय आला. खरं काय ते कळवा.

माझी नवी नोकरी अशी : आमच्या संस्थेच्या सरांनी टांझानियातल्या गरीब वस्त्यांच्या पाहणीचे फॉर्म आणलेत. विधवा किती, म्हातारी माणसं काय खातात, पाणी किती लांब. ती उत्तरं मी आकड्यांत बदलून चौकटींत भरतो. बाकी गावांचे गठ्ठे चिखलाचे, खाडाखोडीचे. एका गावचा मात्र लग्नपत्रिकेसारखा स्वच्छ. प्रत्येक घरात पाच माणसं, एक शेळी, एकटी विधवा कुठेच नाही. मला लगेच वास आला. दारोदार फिरलेल्या फॉर्मावर पोरं हात पुसतात, म्हातारी एकच उत्तर तीनदा बदलते. मी सरांना म्हणालो, हा गडी गावात शिरलाच नाही, झाडाखाली बसून लिहिलंय. सर खूश. कसं ओळखलंस, म्हणाले. मी म्हणालो, अनुभव. (हा शब्द आता जन्मात वापरणार नाही.)

कारण सरांनाही संशयाची चटक लागली. त्यांनी संस्थेच्या जुन्या पाहण्यांचे गठ्ठे उघडले, आणि पहिलाच निघाला शहात्तर सालचा, सुरगाण्याकडच्या एका पाड्याचा. आठवतंय ना? ती पाहणी आपण दोघांनी रोजंदारीवर घेतली होती. जीप चुकली म्हणून आपण हॉटेलात भजी खात बसलो. तुम्ही जुन्या मतदारयादीतली नावं वाचलीत, मी फॉर्म भरले. घरटी पाच माणसं, एक शेळी. (शेळी तुम्हाला सुचली, बाहेर एक तुमची टोपी चघळत होती.)

काल सर मला त्याच पाड्यावर घेऊन गेले. पहिलं नाव बुधाचं. झोपडीत सरुबाई एकटीच नागली निवडत होती. बुधा आपल्या पाहणीच्या आधीच वारलेला, मूलबाळ नाही. मागे कोणी विचारायला आलं होतं का, असं सरांनी विचारलं.

"कोणी नाय आलं," ती म्हणाली. "मी तं इथंच हाय."

संस्था एकट्या विधवांना धान्य देते. या पाड्यावर अशी कोणी नाही असं आपण लिहिलं, म्हणून सात वर्षं तिला दाणा मिळाला नाही. दाजी, मला फार लाज वाटली. टांझानियातही अशीच कोणी वाट बघत असेल, आणि मी तिथल्या माणसाला पकडून फुशारकी मारत होतो.

तरी तोंड उघडलं नाही. फॉर्मावर दोन सह्या आहेत. माझी वाचता येत नाही, तुमची येते. हा मल्हारी कोण, असं सरांनी विचारलं तेव्हा तुम्ही वारल्याचं सांगून मोकळा झालो. तरी काही दिवस नाशकात दिसू नका.

आपला,
सावळीराम

ता. क. : आज सकाळी सरांपाशी सगळं कबूल केलं. (तुम्ही आता जिवंत आहात.) सोमवारी पहिल्या एसटीने या. पाहणी पुन्हा करायला दोघांनी घरोघर फिरायचं आहे, चांगल्या वहाणा घाला.

ता. क. २ : सरुबाईचं नाव धान्याला लागलं. सरांनी तिला आपला जुना फॉर्म वाचून दाखवला होता. तीन मुलं ऐकल्यावर तिने विचारलं, त्यांची नावं काय लिहिलीत. नवरा आणि मुलं तिला आणून देणं आपल्याच्याने व्हायचं नाही. येताना शेळी घेऊन या.