बाहेरच्या तज्ज्ञांचं उत्तर

३ जून, सकाळी १०
निश्चय: आजपासून ऑफिसात चिडायचं नाही.

३ जून, दुपारी १२
चिडलो. आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात पेशंटना नंबर देणारी नवी सिस्टिम हवीय. मी कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख, तूर्तास तात्पुरता. सिस्टिम नीट चालली की पक्का. आणि माझ्या मागच्या टेबलावरची मौनीबाई, जी वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल, ती मोठ्या डॉक्टरांसमोर म्हणते ओपन सोर्स घेऊ. कोड खुला असतो, हवा तसा बदलता येतो. सतरा जणांचे हात लागलेली वस्तू हॉस्पिटलात? ठणकावून सांगितलं, कंपनीकडून तयार पॅकेज घ्या. बिघडलं तर मानगूट धरायला माणूस हवा.

१० जून
करार झाला. कंपनीचा टायवाला फार अदबीने बोलतो. मौनीने विचारलं, पॅकेज आतून कशावर उभं आहे. म्हटलं, विश्वासावर.

२१ जून
सिस्टिम सुरू. एकच नंबर तिघांना. तीन आजोबा एका खुर्चीवरून हातघाईवर आले. डोळ्यांत औषध घातल्यामुळे कोणाचा नेम लागला नाही, म्हणून निभावलं. टायवाला म्हणाला, तक्रार नोंदवलीय.

२४ जून
अकरा फोन केले. टायवाला उचलत नाही. मानगूट कुठली धरू, डोंबलाची?
मौनी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून काहीतरी टाइप करत असते. इथे आग लागलीय आणि हिचे भलतेच उद्योग. मेमो देणार.

२७ जून
कंपनीने 'बाहेरच्या तज्ज्ञां'चं दोन पानी उत्तर पाठवलं. दोन काउंटरवर एकाच क्षणी बटण दाबलं की नंबर तोच निघतो, अमुक चार ओळी बदला. कंपनीने बदलल्या. सिस्टिम सुतासारखी सरळ. घरी हिला सांगितलं, माझा निर्णय बरोबर होता. ही म्हणाली, मग ओरडताय कशाला. मी ओरडत नव्हतो.

२८ जून
मीटिंगमध्ये मोठ्या डॉक्टरांसमोर ते उत्तर खणखणीत वाचलं. मौनीला म्हटलं, शिका जरा, याला म्हणतात अभ्यास. असं माणूस इथे असतं तर मी त्याच्या हाताखाली आनंदाने काम केलं असतं. डॉक्टरांनी विचारलं, कोण हे तज्ज्ञ. मौनी म्हणाली, ते मीच लिहिलंय. कंपनीचं पॅकेज म्हणजे तेच ओपन सोर्स, वरून रंग मारलेलं. कंपनीने नाव न सांगता त्या ओपन सोर्सवाल्यांच्या फोरमवर, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या वेबसाइटवर, प्रश्न टाकला आणि तिथे उत्तरं द्यायचं काम ही दोन वर्षं करतेय.
वर्षभराचं एका दमात बोलली. मेमो खिशातच राहिला.

१ जुलै, दुपारी ३
प्रमुखपद पक्कं झालं. मॅडमचं. डॉक्टर म्हणाले, हाताखाली आनंदाने काम केलं असतं, असं तुम्हीच म्हणालात. मॅडमनी पहिलं काम दिलं: पेशंटसारखं रांगेत बसून सिस्टिम कशी वाटते ते लिहून द्या. बाकावर बसलोय. माझा नंबर सत्तेचाळीस, आत्ता नववा चालू आहे. नंबर बरोबर लागतायत.