इलाहीबक्षचं वायफाय

सोलापूर, बुधवार

चि. आरोहीस सिद्धप्पाकाकाचे पोटभर आशीर्वाद. तुझा खोकला गेला का? मी बरा आहे असं लिहिणार होतो, पण वडीलधाऱ्यानं पहिल्याच ओळीत खोटं लिहू नये.

पोस्टाचं पत्र बघून दचकू नकोस. इलाहीबक्षची आणि आपली भिंत एकच, आणि फोनवर मला ओरडल्याशिवाय बोलता येत नाही. (बहिरा मी आहे, तो नाही.)

रविवारी तू सांगितलंस, की लॅपटॉप ज्या ज्या वायफायला एकदा जोडला गेला त्यांची नावं विश्वासातली म्हणून जपून ठेवतो, तेव्हा नको ती काढून टाका. लगेच बसलो. करमाळ्याचा लॉज, जिथं युवराजच्या लग्नात ढेकणांनी आपल्यावरच पंगत झोडली, तो काढला. मग तुझी काकू शेवटचे अकरा दिवस होती त्या दवाखान्याचं नाव आलं. त्याच वायफायवर तिला भजनं लावून द्यायचो. हात जड झाला, पण काढलं. त्याखाली नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे, गाडीच्या नंबरासारखे. हा कोण बुवा, म्हणून तेही उडवलं. (चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं हेच केलं. ओळखीचा नसलेला धागा दिसला की कात्री.) नेट गेलं तेव्हा कळलं, तेच इलाहीबक्षचं होतं.

आठ महिने आमचं बोलणं नाही, हे तू जाणतेस. नळाला पाणी चार दिवसांआड, त्यात त्याची मोटर माझ्याआधी सुरू झाली, आणि मी त्याला भर गल्लीत पाणीचोर म्हणालो. त्यानं बोलणं तोडलं, वायफाय नाही तोडलं. मी मान फिरवून त्याच्या दारावरून जायचो आणि घरात येऊन त्याच्याच वायफायवर तुझं तोंड बघायचो. पासवर्ड मला ठाऊक नाही, त्याच्या लेकीनं, सबिहानं, स्वतः घातला होता. आता रविवारी तू दिसायची नाहीस. आठवड्यात माझ्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस. कुऱ्हाड हातात होती, पायही माझाच होता.

जेवण वेळेवर कर. तुझा सिद्धप्पाकाका.

ता.क. मे महिन्यात सबिहानं तुझ्याही मोबाईलमध्ये तो पासवर्ड घातला होता. तेवढा शोधून बंद पाकिटात पाठव. साधं कार्ड नको, पोस्टमन कुणाचंही टपाल कुणाच्याही दारात टाकतो.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवणार, तोवर दार वाजलं. इलाहीबक्ष. आत न येताच म्हणाला, "तीन दिस झाले, तुजं मशीन आमच्याकडं आलं न्हाय. पडलाबिडलास की काय?" सबिहाच्या मोबाईलवर कोण कोण जोडलंय ते दिसतं म्हणे. आठ महिने हा रोज सकाळी ते बघतोय. मी गडबडून म्हणालो, ताप होता. मग सबिहा काढा घेऊन आली. कडू जहर, पण ती समोर उभी, प्यावाच लागला. जाताना पासवर्ड घालून गेली. तेव्हा तू पाठवू नकोस. फक्त त्याचा फोन आलाच, तर काकांना ताप होता असं सांग.

उद्या नळाला पाणी यायचंय. मोटर आधी त्यालाच लावू देणार आहे, बघू कसं जमतं.